जमिनीचा रंग आणि मुलांच्या तारखा

दुसरा चहा संपला तरी अण्णांचा राग उतरेना. कारण मी काढलेलं नाव, फॉन ब्रोडी. अमेरिकेत युटामधल्या हंट्सव्हिल गावात, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धाळू घरात वाढलेली मुलगी. सख्खा काका डेव्हिड मकाय पुढे चर्चचा अध्यक्ष झाला. हिने १९४५ साली पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचं चरित्र लिहिलं आणि पुढच्याच वर्षी चर्चने तिला काढून टाकलं.

"बरोबरच केलं! ज्या घरात वाढलो त्याचीच लक्तरं वेशीवर टांगायची?"

"लक्तरं कसली, अण्णा?" ताई उसळली. "जुनी वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद वाचून लिहिलंय तिने. घरातलीच होती, म्हणून कुठे बघायचं ते तिला कळलं."

मास्तरांची तक्रार वेगळी होती. "कागदांवर थांबली असती तर मी हात जोडले असते. ती माणसांच्या मनात शिरते. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने १७८८च्या युरोपच्या प्रवासात जमिनीचा रंग 'मुलाटो', म्हणजे गोऱ्या-काळ्या मिश्र वंशाच्या माणसाला म्हणत तो शब्द, लिहिला, तर हिला त्यात त्याची गुलाम सॅली हेमिंग्ज दिसते! अरे, मातीच्या रंगाला तेव्हा तो शब्द सर्रास वापरत."

हे मला मान्य आहे. तिथे ती घसरलीच. पण जेफरसनच्या त्याच १९७४च्या चरित्रात, सॅलीची मुलं त्याचीच हे दाखवायला, तिने तारखाही मांडल्यात. जेफरसन सतत बाहेरगावी. तरी सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या जन्माच्या नऊ महिने आधी तो माँटिचेलोला, आपल्या घरीच होता. मोठमोठ्या इतिहासकारांनी तिला उडवून लावलं. १९९८मध्ये सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशजाचा डीएनए जेफरसन घराण्याशी जुळला.

"घराण्याशी," मास्तर बोट उचलून म्हणाले. "थॉमसशीच नव्हे."

"म्हणून तर तारखा हव्यात, मास्तर. दोन्ही एकत्र ठेवा, मग बोला." २०००मध्ये माँटिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेही तोच कौल दिला. ते पाहायला ब्रोडी नव्हती; १९८१मध्येच ती कर्करोगाने गेली.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शेवटी तरी परतली का?"

मी सांगितलं ते असं. दवाखान्यात तिने भावाकडे आशीर्वाद मागितला, चर्चच्या रीतीने डोक्यावर हात ठेवून देतात तो. भावाने दिला. आणि नंतर तिने स्पष्ट कळवलं, याचा अर्थ मी चर्चमध्ये परतते असा कोणी घेऊ नये.

"पण भावाने दिला ना?" अण्णांनी पुन्हा विचारलं.

"दिला, अण्णा."