गार केलं की रेणू आपोआप जुळत नाहीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "दोन वायू मिसळून महाफ्रीजरमध्ये निरपेक्ष शून्याजवळ नेले की रेणू आपोआप बनतात. तिथे सगळं थिजतं, म्हणून ते कायम टिकतात." यातलं एकही वाक्य बरोबर नाही.

फ्रीजर नसतोच. निर्वात कुपीच्या भिंती खोलीइतक्याच उबदार असतात. अणू (इथे रुबिडियम आणि पोटॅशियमचे) भिंतीला न शिवता चुंबकीय क्षेत्रात किंवा लेसरच्या झोतात अधांतरी धरलेले असतात. लेसरने गार केल्यावर खानापुरी माठाचीच युक्ती वापरतात: सर्वांत वेगवान रुबिडियम अणू बाहेर जाऊ द्यायचे, उरलेले थंड होतात. त्यांच्यावर आपटून पोटॅशियम-40 (पोटॅशियमचा एक प्रकार) गार होतं.

खरी चूक 'आपोआप' या शब्दात आहे. दोन अणू घट्ट जुळताना सुटणारी ऊर्जा कुणीतरी न्यावी लागते. तिसऱ्या अणूने नेली, तर त्या धक्क्याने सगळेच सापळ्याबाहेर जातात. म्हणून चुंबकीय क्षेत्र 546.7 गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप) वरून सावकाश खाली उतरवतात. तिथे सुट्या अणूंची आणि जोडीची ऊर्जा जुळते, याला फेशबाख अनुनाद म्हणतात; त्याने जोडी बनते, पण अगदी ढिली. तिला तळाच्या, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेत नेतात 970 आणि 690 नॅनोमीटरचे दोन लेसर, तेही उलट्या क्रमाने: तळाशी जोडणारा 690 चा आधी, मग 970 चा, काही मायक्रोसेकंदांत. दोघांचा ताल सुटला तर रेणू मधल्या अवस्थेत चढतो आणि तिथून भलतीकडेच पडतो. ताल जमला, तर 690 चा फोटॉन 970 च्या फोटॉनपेक्षा जितकी जास्त ऊर्जा नेतो तितकीच बंधाची ऊर्जा असते, म्हणजे सुमारे 6000 केल्विनइतकी. ती प्रकाशातून गेली म्हणूनच 2008 मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या 'जिला' संस्थेत डेबोरा जिन आणि जुन ये यांच्या गटाला पोटॅशियम-रुबिडियमचे 350 नॅनोकेल्विनचे (निरपेक्ष शून्याच्या वर केल्विनच्या 350 अब्जांश इतके) रेणू मिळाले.

'थिजतं' हेही खोटं. 2010 मध्ये याच रेणूंची आपसांतली रासायनिक क्रिया, म्हणजे अणूंची अदलाबदल, तिथेच मोजली गेली. सगळे रेणू एकाच अवस्थेत असले तर ती मंद चालते. काहींच्या अणुकेंद्राचा स्पिन (अणुकेंद्राचा एक क्वांटम गुणधर्म) बदलला की 10 ते 100 पट वेगाने. उरलेलं पोटॅशियमही रेणू फोडतं, म्हणून ते प्रकाशाने उडवून लावावं लागतं.

राहिलं 'कायम'. सोडियम-सीझियमच्या रेणूंत अशी अदलाबदल ऊर्जेच्या हिशेबात बसत नाही, तरी टकरींत ते नाहीसे होतात. सूक्ष्मलहरींनी त्यांना एकमेकांपासून दूर राखून कोलंबिया विद्यापीठात त्यांचं बोस-आइन्स्टाइन संघनन (बहुतेक रेणू एकाच क्वांटम अवस्थेत एकवटण्याची स्थिती) घडवलं, ते 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. तापमान 6 नॅनोकेल्विन, आयुष्य जेमतेम दोन सेकंद.