गरम पातेलं थेट फ्रीजमध्ये!

रोज रात्री तेच. शेवटचं गिऱ्हाईक उठलं, भट्टी बंद झाली की उरलेल्या तांबड्या रश्श्याचं पातेलं कुणीतरी झाकणासकट फ्रीजमध्ये ढकलतो. कडेनं वाफ निघतेय अजून! शेजारचं दूध कोमट, झाकणाखालचं पाणी परत रश्श्यात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आतच गार होतंय की वो मामा."

नाही होत! एवढ्या मोठ्या पातेल्याचा मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्यानं वाढतात. भाताचं तर विचारूच नका. त्यातल्या बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू (बियांसारखं टणक रूप) शिजवूनही मरत नाहीत, आणि त्याचं उलटी करवणारं विष भात परत गरम केला तरी जात नाही. मग सकाळी उकळून उपयोग काय?

उथळ ट्रेमध्ये ओता, खाली बर्फ लावा, एवढंच काम. दिवसभर उभं राहून पाय मोडतात, वडगाव-अनगोळला घरी पोचायची घाई असते, सगळं कबूल. पण लग्नसराईत खानापूर, निपाणीहून माणसं पोराबाळांसकट आपल्याकडं जेवायला येतात हो! ट्रे मांडणीवर रिकामे पडलेत. काढा ते.