पाच स्टार आणि एक रिव्हेट

आज दुपारपासून मन शांत नाही, म्हणून हे लिहीत आहे. ओळखीतला एक मुलगा साताऱ्याहून इथे न्यू जर्सीत शिकायला आला आणि नुकताच नोकरीला लागला. पहिली गाडी घ्यायची म्हणून "काकू, तुम्ही बरोबर चला" असे त्याने म्हटले, आणि मी त्याच्यासोबत जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे गेले. त्याला २०२३ ची होंडा अकॉर्ड हायब्रिड आवडली होती. विक्रेत्याने मायलेज सांगितले, सुरक्षिततेचे पाच स्टार सांगितले, हप्ताही सांगितला. चालकाच्या बाजूला काचेखाली दिसणारा सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मी फोनवरून सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर दोन रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावल्याच्या सूचना, अजून बाकी! विक्रेत्याला दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला की ती कामे करून देणे आमच्यावर बंधनकारक नाही, गाडी घेतल्यावर तुम्ही फुकट करून घ्या.

संताप याचा आहे की तो खोटे बोलत नव्हता. अमेरिकेत रिकॉल बाकी असलेली नवी गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना अशी गाडी भाड्यानेही देता येत नाही, आणि तो कायदासुद्धा रेचेल आणि जॅकलिन हाउक या दोन बहिणी २००४ मध्ये भाड्याच्या सदोष गाडीच्या अपघातात मरण पावल्यानंतर त्यांच्या आईने वर्षानुवर्षे केलेल्या पाठपुराव्यामुळे झाला. जुनी गाडी विकणाऱ्याला मात्र केंद्रीय कायदा अडवत नाही. म्हणजे नवी गाडी घेणाऱ्याचा जीव जपायचा आणि पै-पै साठवून जुनी घेणाऱ्याने आपले आपण बघायचे!

पाच स्टार खोटे आहेत असे मी म्हणत नाही. या अकॉर्डला सरकारी चाचणीत एकंदर पाच स्टार आहेत आणि विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ मध्ये तिला आपला सर्वोच्च 'टॉप सेफ्टी पिक प्लस' हा किताब दिला. पण स्टार म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्या. सरकारी चाचणीत गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगाने भिंतीवर समोरासमोर आदळवतात, आणि आत बसवलेल्या माणसाएवढ्या बाहुलीचा पट्टा त्या क्षणी ठरल्याप्रमाणे काम करतो हे त्यात गृहीतच असते. आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा पट्टा कोणी तपासलेला नसतो.

आणि याच गाडीचा पट्टा रिकॉलमध्ये आला. धडक बसताच पट्टा क्षणार्धात मागे खेचून माणसाला आसनाशी घट्ट धरणारी जी यंत्रणा असते, त्या प्रीटेन्शनरमध्ये जोडणी धरून ठेवणारे एक रिव्हेट, म्हणजे धातूची छोटी खिळ, काही गाड्यांत बसवलेच गेले नसावे, असे नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. २०२३ आणि २०२४ च्या अकॉर्ड आणि एचआर-व्ही मिळून तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या गेल्या. किताब आणि रिकॉल, दोन्ही एकाच वर्षी.

आमची गाडीही त्याच वर्षाची, त्याच रिकॉलमधली आहे. त्या रिकॉलचे पत्र आमच्या घरी आले, तेव्हा मी ते जाहिरातीचे समजून दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली सरकवले. त्याच हिवाळ्यात आई आली होती. ती रोज पुढच्या सीटवर बसायची, पट्टा लावल्यावर त्यावर डावा तळहात ठेवायची आणि गाडी थांबेपर्यंत काढायची नाही. चार महिन्यांनी गठ्ठा आवरताना पत्र सापडले, आणि त्या तळहाताच्या आठवणीने मला घाम फुटला. सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणीला अर्धा तासही लागला नाही. पुढच्या दोन्ही पट्ट्यांची रिव्हेट जागेवर होती. आईला मी हे आजवर सांगितलेले नाही.

रिकॉल जाहीर झाला म्हणजे कंपनीने दोष लपवला नाही, हे मान्य. पण जाहीर होणे आणि दुरुस्त होणे यांत ते बंद पाकीट असते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत ते पाकीट बहुधा आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असते. त्या मुलाच्या गाडीचा दुसरा रिकॉल तर सॉफ्टवेअरचा होता: अडीच लाखांहून अधिक अकॉर्ड हायब्रिड गाड्यांत चालत्या गाडीची शक्ती अचानक जाऊ शकते, असा. त्या मुलाला हायवेने रोज चाळीस मैल जायचे आहे. त्याला हे कोण सांगणार होते? हप्ता सांगणारा तो माणूस?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. विक्रेताही पगारी माणूस, आणि त्याला हे विचारणारी कदाचित मी पहिलीच असेन. दोन्ही कामे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून करून घेऊन डीलरने त्याची पावती दाखवल्याशिवाय पैसे देणार नाही, असे मुलाने लेखी कळवले आहे. डीलरकडून अजून उत्तर आलेले नाही.

संध्याकाळी त्याच्या आईचा साताऱ्याहून फोन आला. तिथे पहाट व्हायची होती, तरी ती जागीच होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "ताई, गाडीला स्टार किती आहेत हो?" मी पाच म्हणाले, आणि मग तिला पट्ट्याविषयी पहिल्यापासून सांगायला बसले.