‘फ्री’ गेममध्ये खर्च शून्य? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

पालकांच्या गटांतून एक मजकूर जोरात फिरतोय. वहिनींनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “भावजी, मग पोराला फ्रीवालाच गेम लावून देऊ ना?” वहिनी, थांबा. आधी हे सगळं वाचा, मग ठरवा.

मजकुरात म्हटलंय ते थोडक्यात असं. महिन्याची फी घेणारे ऑनलाइन गेम म्हणजे लूट. जो गेम फी बंद करून फ्री होतो तो बुडीत निघालेला असतो, कंपनी तो फुकट वाटते, तेव्हा आपण फायदा घ्यावा. फ्री गेममध्ये खर्च शून्य. विकतात ते नुसते कपडे आणि रंग, खेळात फरक पडत नाही. लूट बॉक्स (पैसे देऊन उघडायची पेटी, आत काय निघेल ते नशिबावर) म्हणजे आपण लहानपणी वाण्याकडे फोडायचो ती चिठ्ठी. घेत राहिलं की कधीतरी निघतंच. आणि एकदा घेतलेली वस्तू कायमची आपली.

‘फ्री झाला म्हणजे बुडाला’ हे तर पंधरा वर्षांपूर्वीच खोटं ठरलंय. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ २००६ मध्ये मासिक फीवर सुरू झाला, सप्टेंबर २००९ मध्ये फ्री झाला आणि त्यानंतर वर्षानुवर्षं चालत राहिला. तो गेम बनवणाऱ्या टर्बाइन कंपनीनेच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ सप्टेंबर २०१० मध्ये फ्री केला आणि काही महिन्यांतच उत्पन्न तिप्पट झाल्याचं सांगितलं. ‘स्टार वॉर्स: दि ओल्ड रिपब्लिक’ डिसेंबर २०११ मध्ये आला आणि वर्षाच्या आत, १५ नोव्हेंबर २०१२ ला, फ्री झाला. पुढच्या मे महिन्यात ईए कंपनीने जाहीर केलं की महिन्याचं सरासरी उत्पन्न दुपटीहून जास्त झालंय. फी बंद केल्यावर पैसे वाढले. ते कुणाच्या खिशातून आले, हे मजकूर लिहिणाऱ्याने एकदा तरी विचारायला हवं होतं.

यात थोडं खरं आहे, तेही सांगतो. फी सोडण्याची वेळ बहुतेकदा ग्राहक गळायला लागल्यावरच येते. ओल्ड रिपब्लिकचे फी भरणारे अर्ध्या वर्षात १७ लाखांवरून १० लाखांच्या खाली आले होते. ‘वाइल्डस्टार’ सप्टेंबर २०१५ मध्ये फ्री होऊनही २०१८ मध्ये बंदच पडला. पण यावरून ‘कंपनी फुकट वाटते’ हे कसं निघतं? महिन्याला १५ डॉलर फी असली की माणूस असा एकच गेम धरून ठेवतो, आणि तो बहुधा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ असायचा. दुसऱ्या गेमला दारातली फीच आड यायची. ती काढली की लोक आत येतात. त्यातले बहुतेक एक पैसाही देत नाहीत, तरी ते कंपनीच्या कामाचे असतात. डन्जनमध्ये, म्हणजे गटाने लढायच्या टप्प्यात, जायला एक टँक (मार अंगावर घेणारा), एक हीलर (जखमा भरणारा) आणि मारा करणारे दोन-तीन जण लागतात. रांगेत माणसंच नसली तर पैसे भरणाराही वीस मिनिटं ताटकळतो आणि शेवटी गेम सोडतो. फुकट खेळणारे ही रांग हलती ठेवतात. मग पैसे भरणाऱ्या थोड्या लोकांकडून किती निघेल, त्याला वरची मर्यादा उरत नाही.

‘खर्च शून्य’ या मुद्द्याचं उत्तर इथेच आलं. फीच्या गेममध्ये खर्च आधीच ठरलेला असतो: महिन्याला १५ डॉलर, वर्षाला १८०, त्यापुढे फी नाही. फ्री गेममध्ये कमीत कमी शून्य असतं हे बरोबर, पण जास्तीत जास्तचा आकडा कुठेच लिहिलेला नसतो. शिवाय रुपयांत किंमत दिसू नये याची नीट सोय केलेली असते. आधी पैशांनी गेमचं चलन घ्यायचं, मग त्या चलनातून वस्तू. ‘गेनशिन इम्पॅक्ट’मध्ये तर पैशांचे क्रिस्टल, क्रिस्टलचे प्रिमोजेम, १६० प्रिमोजेमची नशीब आजमावायची एक संधी, असा तीन पायऱ्यांचा जिना आहे. चलनाची पाकिटं आणि वस्तूंच्या किमती जुळत नाहीत, त्यामुळे खात्यावर थोडं चलन कायम पडून राहतं आणि ते वाया जाऊ नये म्हणून पुढचं पाकीट घेतलं जातं. ‘फोर्टनाइट’ही फ्रीच आहे. त्यात एक बटण दाबलं की खरेदी व्हायची, गेम झोपेतून जागा होताना किंवा वस्तू नुसती न्याहाळताना चुकून दाबलं तरी. यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये एपिक कंपनीला ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरायला लावले.

‘नुसते कपडे आणि रंग’. काही गेमांपुरतं हे खरं मानतो. पण फीवरून फ्रीवर आलेल्या गेमात कपड्यांच्या आधी सोय विकली जाते, आणि ती विकता यावी म्हणून आधी काढून घेतली जाते. ओल्ड रिपब्लिक फ्री झाला तेव्हाचं उदाहरण घ्या. स्क्रीनच्या खाली ज्या पट्ट्यांवर आपण हल्ल्यांची बटणं लावतो, त्या फुकट खेळणाऱ्याला दोनच दिल्या होत्या. एका पट्टीवर १२ बटणं, म्हणजे एकूण २४. पुढच्या पातळ्यांवर हल्ले, बचाव, औषधं, वाहन हे सगळं त्यात मावत नाही. लोक इतके भडकले की कंपनीला पट्ट्या वाढवाव्या लागल्या. पैसे साठवण्यालाही मर्यादा घातली: फुकट खात्यावर २ लाख क्रेडिट. त्यावर कमावलेलं वेगळ्या तिजोरीत जाऊन पडायचं, दिसायचं पण पैसे भरल्याशिवाय काढता यायचं नाही. फी बंद केलेल्या जुन्या खेळाडूंचीही कमाई अशीच अडकली. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने मार्च २०१५ मध्ये सक्तीची फी सोडली, तिथे सुरुवातीची पिशवी ६० जागांची. कच्चा माल इतका गोळा होतो की पिशवी तासाभरात भरते, आणि अमर्याद मालाची पिशवी मिळते ती ऐच्छिक मासिक वर्गणीत. याला रंग-कपडे म्हणत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. बाकी सगळं एकवेळ सोडून दिलं असतं, पण लूट बॉक्सला ‘लहानपणीची चिठ्ठी’ म्हणणं आणि ‘घेत राहिलं की निघतंच’ असं पालकांना सांगणं हे सरळसरळ घातक आहे.

वाण्याकडचा तो पुठ्ठा आठवा. शंभर घडी घातलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, वर मोठा फुगा, प्लॅस्टिकचं घड्याळ, शिट्ट्या टांगलेल्या. फोडलेल्या चिठ्ठीची जागा मोकळी दिसते. साठ फुटल्या आणि घड्याळ अजून वर आहे, म्हणजे ते उरलेल्या चाळीसांत आहे हे पोरालाही कळतं. प्रत्येक फोडलेल्या चिठ्ठीने शक्यता वाढते आणि शंभरावीला ती पूर्ण होते. तिथे ‘घेत राहिलं की निघतं’ हे गणिताने खरं आहे.

गेमच्या पेटीत हा पुठ्ठाच नाही. प्रत्येक वेळी फोडलेली चिठ्ठी घडी घालून परत आत टाकतात आणि पुन्हा पहिल्यापासून. शक्यता १ टक्का असेल तर शंभर वेळा घेऊनही एकदाही न निघण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के असते. तीनशे वेळा घेतलं तरी शंभरातले पाच जण रिकाम्या हाताने उरतात. आणि तीनशे एकाव्या वेळी त्या पाच जणांची शक्यता पुन्हा तोच १ टक्का. ‘इतके घातले, आता निघेलच’ हा हिशोब पुठ्ठ्यावर चालतो, इथे नाही.

ही शक्यता तरी ठरलेली असते का? यासाठी एकच प्रकरण नीट पाहा, दक्षिण कोरियाचं. नेक्सॉन कंपनीचा ‘मेपलस्टोरी’ पहिल्यापासून फुकट खेळायचा गेम, आणि हाच साचा पुढे फी सोडणाऱ्या कितीतरी गेमांनी उचलला. त्यात मे २०१० मध्ये ‘क्यूब’ नावाची विकतची वस्तू आली. शस्त्रावर किंवा चिलखतावर तीन ओळींचे जादा गुण असतात. एक क्यूब वापरला की त्या ओळी नव्याने पडतात आणि क्यूब संपतो. मनासारख्या ओळी आल्या नाहीत तर पुढचा क्यूब. सुरुवातीला सगळे गुण सारख्याच शक्यतेने पडत होते. सप्टेंबर २०१० पासून लोकांना हवे असलेले गुण कमी पडतील असा बदल केला, कुणालाही न सांगता. ऑगस्ट २०११ पासून तर सगळ्यात मागणी असलेली काही त्रिकुटं पडणारच नाहीत अशी व्यवस्था केली. शक्यता शून्य. आणि त्याच महिन्यात सूचना लावली की क्यूबमध्ये काही बदल नाही, सगळं पूर्वीसारखंच आहे. मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे साडेनऊ वर्षं, लोक शून्य शक्यतेच्या वस्तूसाठी पैसे भरत होते.

जुलै २०१३ मध्ये आणलेल्या ब्लॅक क्यूबची गोष्टही तशीच. वस्तू सर्वोच्च दर्जाला चढण्याची शक्यता आधी १.८ टक्के होती. डिसेंबरपर्यंत रोज थोडी थोडी उतरवत ती १.४ वर आणली आणि जानेवारी २०१६ मध्ये १ टक्क्यावर. एक ब्लॅक क्यूब २,२०० वॉनचा. १.८ टक्क्यांना सरासरी ५६ क्यूब लागतात, म्हणजे सव्वा लाख वॉनच्या आसपास. १ टक्क्याला १००, म्हणजे २ लाख २० हजार वॉन, आपल्या तेरा हजार रुपयांवर. वस्तू तीच, दुकानातला भाव तोच, खर्च जवळपास दुप्पट, आणि घेणाऱ्याला पत्ताही नाही. कोरियाच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये हे सगळं उघड करून नेक्सॉनला सुमारे १,१६४ कोटी वॉन दंड केला. रुपयांत तो सत्तर कोटींच्या वर जातो. मार्च २०२४ पासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे.

घड्याळाची चिठ्ठी पुठ्ठ्यावरून काढून टाकायची आणि घड्याळ मात्र वर टांगून ठेवायचं, असा हा प्रकार. वाण्याने हे केलं असतं तर आळीतल्या सगळ्या आयांनी त्याला दुकानातून ओढून जाब विचारला असता. इथे सर्व्हर कुणाला दिसत नाही, म्हणून साडेनऊ वर्षं गेली.

‘काही गेम हमी देतात’ असं कुणी म्हणेल. देतात. गेनशिनमध्ये सर्वोच्च दर्जाची वस्तू निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि नव्वदाव्या वेळी ती नक्की निघते. पण ती हवी तीच असेल याची खात्री नाही. दुसरीच निघाली तर पुन्हा नव्वद. वाईटात वाईट १८० संधी, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम. हमी आहे हे मान्य, पण ती या आकड्यासकट सांगा. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या लूट बॉक्सना जुगाराच्या कायद्याखाली आणलं, ते उगाच नाही. ‘स्टार ट्रेक ऑनलाइन’ जानेवारी २०१२ मध्ये फ्री झाला. त्यात बंद पेटी लढाईतून फुकट पडते, उघडायची किल्ली मात्र १२५ झेनची (झेन हे गेमचं विकतचं चलन), म्हणजे सव्वा डॉलरची. पिशवीत अशा दहा पेट्या साचल्या की बारा वर्षांच्या पोराला वाटतं आपल्याकडे दहा बक्षिसं आहेत, फक्त किल्ल्या हव्यात.

‘एकदा घेतलेलं कायम आपलं’ यावर फार लिहीत नाही. ‘सिटी ऑफ हीरोज’ सप्टेंबर २०११ मध्ये फ्री झाला आणि ३० नोव्हेंबर २०१२ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. दुकानातून घेतलेलं सगळं त्या दिवशी गेलं. आपण वस्तू घेत नाही, ती वापरायची परवानगी घेतो, आणि तसं करारात लिहिलेलंही असतं.

वहिनी, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. फीवाला गेम मुलासाठी वाईट, असं अजिबात नाही. वॉरक्राफ्ट वीसाव्या पातळीपर्यंत फुकट खेळू देतो, ‘फायनल फँटसी १४’ची फुकट चाचणी तर सत्तराव्या पातळीपर्यंत जाते. फीवरून फ्री झालेला गेमच हवा असेल, तर त्याच्या साइटवर फुकट खातं आणि वर्गणीचं खातं यांची तुलना करणारा तक्ता शोधा आणि चार गोष्टी बघा: पिशवीत जागा किती, पैसे साठवायची मर्यादा किती, पातळी कुठे अडते, बाजारात खरेदी-विक्री करता येते का. ओल्ड रिपब्लिकमध्ये एकच महिना वर्गणी भरून ती बंद केली तरी त्या वेळेपर्यंतची कथेची नवी प्रकरणं खात्यावर राहतात; सुटं काही घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मोबाइलवरचा गेम असेल तर आधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करा, आणि तो पासवर्ड किंवा बोटाचा ठसा पोराचा नको. त्या खात्याला जोडलेलं कार्ड आणि यूपीआय काढून टाका. खर्च करू द्यायचाच असेल तर ठरलेल्या रकमेचा गिफ्ट कोड भरा, म्हणजे त्यापुढे पैसे जाऊच शकत नाहीत. प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट लावता येतं, पण त्यावर विसंबू नका: ते फक्त सूचना देतं, खरेदी अडवत नाही. चुकून पैसे गेलेच तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागा. आधी बँकेकडे तक्रार करून व्यवहार फिरवला तर काही कंपन्या खातंच कुलूपबंद करतात. फोर्टनाइटच्या प्रकरणात एपिकवर हाही आरोप होता.