एकाच घरात येणारे दोन पाहुणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

वेगवेगळ्या देशांत नाताळच्या सुमारास मुलांना भेटी आणणाऱ्या पाहुण्यांविषयीच्या माझ्या लेखावरील आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. विठोबा म्हटले काय किंवा पांडुरंग म्हटले काय, देव एकच. त्याचप्रमाणे सिंटरक्लास, क्रिस्टकिंड, बेफाना ही एका सांताक्लॉजचीच नावे आहेत, मराठीत त्या सर्वांना ‘नाताळबाबा’ म्हणावे आणि मी नसलेले भेद उभे केले, असा आपला आक्षेप आहे.

विठोबा आणि पांडुरंग एकाच विटेवर उभे आहेत, म्हणूनच ते उदाहरण येथे लागू पडत नाही. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटवस्तू आणणारा, बिशपचा उंच टोप घातलेला सिंटरक्लास आणि नाताळात येणारा केर्स्टमान हे दोन निराळे पाहुणे आहेत आणि एकाच घरात दोघेही येऊ शकतात. इटलीत सांताक्लॉजसारखा बाब्बो नाताले येऊन गेल्यावर ६ जानेवारीच्या आदल्या रात्री झाडूवर बसून येणारी बेफाना तर म्हातारी बाई आहे.

जर्मनीचा इतिहास याहून बोलका आहे. तेथे संत निकोलस ६ डिसेंबरला भेटी आणत असे. संतपूजा नाकारणाऱ्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी हा मान संताकडून काढून बाल येशूला, म्हणजे क्रिस्टकिंडला दिला. मार्टिन ल्यूथरचे नाव या बदलाशी परंपरेने जोडले जाते. पुढे चित्र असे पालटले, की आज क्रिस्टकिंड प्रामुख्याने कॅथलिक दक्षिणेत आणि ऑस्ट्रियात येतो, तर उत्तरेकडे सांताक्लॉजसारखा वायनाख्ट्समान येतो. न्यूरेंबर्गच्या नाताळ बाजाराचे उद्घाटन करणारी क्रिस्टकिंड ही सोनेरी केसांची तरुणी असते. जर्मन स्थलांतरितांबरोबर ‘क्रिस्टकिंडल’ हा शब्द पेनसिल्व्हेनियात गेला, तेथे त्याचे ‘क्रिस क्रिंगल’ झाले आणि ते सांताक्लॉजचेच दुसरे नाव ठरले. संताला बाजूला सारण्यासाठी पुढे आणलेले नाव अखेर त्या संताच्याच वारसाला, म्हणजे सांताक्लॉजला, चिकटले. नावांचा हा प्रवास आपल्या मताला दुजोरा देतो असे वरवर पाहता वाटेल. परंतु येथे नाव एका व्यक्तीवरून दुसरीवर गेले आहे, आणि हे समजायचे तर त्या दोन व्यक्ती आधी वेगळ्या ओळखाव्या लागतात.

फ्रान्सचा पेर नोएल आणि पोर्तुगालचा पाय नाताल यांच्यापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. ते आज सांताक्लॉजशी जवळजवळ एकरूप झाले आहेत आणि त्यांना नाताळबाबा म्हणण्यास माझी हरकत नाही.

पण स्पेनमध्ये मुलांना भेटी देण्याचा मान परंपरेने ६ जानेवारीच्या तीन राजांचा, म्हणजे बाल येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचा आहे. याच तीन राजांचे फेस्त (उत्सव) गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कासावली येथे आजही होते. कासावली परिसरात राजांचा वेश केलेले तीन मुलगे वेगवेगळ्या वाटांनी टेकडीवरच्या चॅपेलकडे जातात. त्या मुलांना आपण नाताळबाबा म्हणणार नाही. म्हणून लेखातील ही नावे मी आहेत तशीच ठेवत आहे.