गरम कंगव्याबद्दल माझी चूक

‘मॅडम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकी उद्योजिकेने केस सरळ करणारा गरम कंगवा शोधला’ असं मी मागे लिहिलं होतं. ते चूक आहे. असे कंगवे एकोणिसाव्या शतकातच युरोपात मिळत होते. वॉकरबाईंच्या वंशज आणि चरित्रकार अलेलिया बंडल्स यांनीही हा दावा खोडून काढला आहे.

बाईंचं मोठेपण कंगव्यात नव्हतंच. घरोघरी केशप्रसाधनं विकणाऱ्या हजारो कृष्णवर्णीय बायकांना त्यांनी शिकवून कमावतं केलं, १९१७ साली फिलाडेल्फियात त्यांचं अधिवेशन भरवलं. (आधी त्या स्वतः अ‍ॅनी टर्नबो मलोन या दुसऱ्या कृष्णवर्णीय उद्योजिकेची केशप्रसाधनं विकायच्या, हे मी गाळलं होतं.)

जुनी पोस्ट काढली आहे. ग्रुपवर फिरणारी तिची प्रत कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर तिथे हा खुलासा टाका.