बादलीतून विसर्ग

बँकेच्या निरोपसमारंभात मिळालेला चामड्याचा पट्टा जुलैअखेरीस कपाटातून काढला, तर त्याच्यावर लव उगवली होती. मऊ, पांढरट-हिरवी. हिने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "आता त्याला पाणी घालू नका म्हणजे झालं."

कोथरूडच्या आमच्या घरात पावसाळ्यात सगळं सादळतं. पापड सादळतात, चिवडा सादळतो, काडेपेटी सादळते. मीठ बरणीत गोळा होऊन बसतं. बाथरूमचं दार फुगतं आणि आत अडकलेल्या पाहुण्याला बाहेरून खांदा लावून सोडवावं लागतं. पुण्याची हवा कोरडी, असं माझे वडील सांगायचे. मुलाने पाठवलेलं आर्द्रता मोजायचं यंत्र हॉलमध्ये ८७ दाखवत होतं.

मुलगा ह्यूस्टनला असतो. आखाताजवळचं गाव, हवा पिळली तर पाणी निघेल अशी. "बाबा, पन्नासच्या आसपास हवं. साठच्या वर राहिलं की बुरशी आलीच." त्याच्या घरात माळ्यावर एकच मशीन आहे, डक्टमधून अख्ख्या घराची हवा ओढतं आणि कोरडी करून परत सोडतं. तिथली घरं गच्च बंद, आणि एसीचे डक्ट आधीपासूनच घातलेले. आमच्या घरात आधीपासून घातलेल्या म्हणजे कपडे वाळत टाकायच्या दोऱ्या. तरी माझ्या मनाने घेतलं. त्याचं मशीन १२० व्होल्टचं, आपली वीज २३०, म्हणून इथलीच एक कंपनी गाठली.

फोनवरच्या मुलीला मी पट्टा, बुरशी, ८७ सगळं सांगितलं.

"हो सर, पण आधी साइट व्हिजिट करावी लागेल."

साइट व्हिजिटला आलेला तरुण दुचाकीवरून भिजत आला. त्याने रेनकोट हॉलमध्ये काढला आणि आकडा ८७ चा ८९ झाला. मुलगा मात्र हुशार होता. फ्रिजमधल्या तांब्यावर बाहेरून पाणी धरतं ना, तसंच मशीनमधल्या गार कॉइलवर धरतं, आणि मग तीच हवा गरम कॉइलवरून बाहेर पडते, असं त्याने समजावलं. "म्हणजे घर थोडं गरम होईल काका." एसीचा ड्राय मोड पुरत नाही का, असं विचारलं, तर म्हणाला, "आत्ता बाहेरच सव्वीस डिग्री. एसी खोली गार करतो आणि झोपतो. पाणी हवेत तसंच." मशीन ७० पाइंटचं, म्हणजे दिवसाला ३३ लिटरपर्यंत पाणी काढणारं. पाइंट हे माप मी यापूर्वी पाण्यासाठी ऐकलं नव्हतं.

मग त्याने बेडरूमच्या भिंतीवरच्या नकाशावर तळहात ठेवला. "काका, हा दमटपणा नाही. हे गळतंय. वरच्या बाथरूममधून. आमचं मशीन हवेतलं पाणी काढतं, भिंतीतलं नाही." मी वर गेलो. वरचे म्हणाले, "आमच्या बाथरूममध्ये थेंबभर ओल नाही." बरोबरच आहे. सगळी खाली आली होती.

खरा प्रश्न बीमचा निघाला. पॅसेजमधून डक्ट न्यायचा तर मध्ये बीम. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज केला. "बीमला हात लावायचा नाही. आतली सळई तुटली तर?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला. अर्ज रजिस्टरमध्ये चिकटवून त्यांनी त्यावर 'नामंजूर' असं लाल शाईत, दोनदा अधोरेखित करून लिहिलं. शेवटी डक्ट बीमच्या खालून गेला, त्याला झाकायला फॉल्स सीलिंग आलं, आणि लॉफ्टचं दार उघडेनासं झालं. लॉफ्टमध्ये गणपतीचं मखर होतं. अजूनही आहे.

त्यानंतर पाणी बाहेर काढायचा पाइप. "त्याला उतार लागतो काका, नाहीतर पाणी मशीनमध्येच साचणार." उताराचा एकमेव रस्ता देवघरावरून जात होता.

"माझ्या देवांच्या डोक्यावरून सांडपाणी?" ही म्हणाली.

"काकू, हवेतलं पाणी आहे ते. स्वच्छ असतं."

"मग पिऊन दाखव."

मुलगा प्रामाणिक. "पिण्याचं नाही काकू. कॉइलवरची धूळ, धातू उतरतो त्यात."

"बघा!"

निदान इन्व्हर्टरच्या बॅटरीत तरी घालू, असं मी सुचवलं. त्यालाही नको, तिथे डिस्टिल्ड वॉटरच, असं म्हणाला. पाणी वर ढकलणारा छोटा पंप मिळतो, तो बसवला की पाइप दुसरीकडून नेता येईल. पंप चार दिवसांत येईल. तोवर बादली.

पंप तेविसाव्या दिवशी आला.

ते तेवीस दिवस मी कोणाला सांगू नयेत, पण सांगतो. आमची बादली वीस लिटरची. म्हणजे दिवसातून दीड वेळा भरणार, आणि त्यातली एक वेळ हमखास पहाटे तीनची. टीव्हीवर खडकवासल्यातून किती क्युसेक विसर्ग सुरू ते सांगत होते, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचं दाखवत होते आणि ही आतून ओरडायची, "अहो, पॅसेज पाण्याखाली!" पुढेपुढे निजण्यापूर्वी मीच आगाऊ विसर्ग करू लागलो. त्या पाण्याने ही फरशी पुसायची. पुसलेली फरशी वाळायची, ते पाणी हवेत जायचं, मशीन ते परत बादलीत आणून ठेवायचं. त्यात दोरीवरचे कपडे. एका धुण्यातलं दोनेक लिटर पाणी तरी हवेतच जातं. तेच तेच पाणी महिनाभर आमच्याकडे मुक्कामाला होतं, असा माझा संशय आहे.

शिवाय खिडक्या बंद. खिडकी उघडी ठेवून मशीन लावलं तर आख्ख्या कोथरूडची हवा कोरडी करत बसावं लागेल, हे मी हिला पटवलं. पण मिरचीची फोडणी पडली की तिच्या डोळ्यांना ते पटत नसे.

आणि एके दिवशी आकडा ५६ झाला. हिने डब्यातून पापड काढून मोडला. टच्च! आम्ही दोघं तो आवाज पुन्हा ऐकायला आणखी तीन पापड मोडून बसलो.

बातमी जिन्याने खाली गेली. समोरच्या वहिनी कुरडयांचे दोन डबे ठेवून गेल्या. कोणी ओली जीन्स आणली. वरच्यांनी, थेंबभर ओल नसलेल्यांनी, सतरंजी आणली. आकडा ७४.

काल संध्याकाळी बेल वाजली. सेक्रेटरी दारात, छातीशी सोसायटीचं रजिस्टर. ऑफिसच्या कपाटात पाणी शिरलं होतं, पानं एकमेकांना चिकटून भाकरीएवढी जाड झाली होती. पुढच्या आठवड्यात सर्वसाधारण सभा. पहिल्याच चिकटलेल्या पानाच्या कडेने लाल शाई ओघळली होती.

"तुमच्याकडे वाळेल म्हणतात," ते म्हणाले. "किती वेळ लागेल?"

मी रजिस्टरकडे पाहिलं, मग त्यांच्या ठिबकणाऱ्या छत्रीकडे.

"आधी साइट व्हिजिट करावी लागेल," मी म्हणालो.